पाणी पायाला लागून परत गेलं

अकरा घरांनी मला एकच उत्तर दिलं आणि मी खूश झाले. नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या बाईने खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. आमच्या गल्लीतली अकरा घरं आजवर कशावरही एकमताने बोललेली नाहीत. नळाला पाणी किती वाजता यावं, कचऱ्याची गाडी कोणत्या टोकाने शिरावी, मारुतीच्या देवळाला कोणता रंग द्यावा, सगळ्यावर भांडणं. आणि इथे अकराच्या अकरा घरं मला सांगत होती, "पाणी महालक्ष्मीच्या पायाला लागलं आन् परत गेलं." मी ते शहाण्यासारखं वहीत उतरवून घेतलं.

मी नगरपरिषदेत अभियंता आहे. गाव नांदेड आणि लातूरच्या मधलं, कंधारहून एसटीने तासाभराचं. गावाच्या मधोमध एक ओढा वाहतो. आम्ही त्याला वढा म्हणतो, आणि वर्षातले आठ महिने त्याच्यात पाण्यापेक्षा डुकरंच जास्त असतात. पुढे तो मन्याड नदीला मिळतो. बदली होऊन मी माझ्याच गावात आले, तेव्हापासून आईजवळ राहते. नवरा निलंग्याला शाळेत शिकवतो, शनिवारच्या गाडीने येतो. वडील एसटीत कंडक्टर होते, आता हयात नाहीत. आमचं घर वढ्याच्या काठाच्या गल्लीतलं, पावसाळ्यात भिजलेल्या ज्या घरांच्या भिंती दिवाळीपर्यंत वाळत नाहीत त्यांतलं.

गल्लीच्या टोकाला, अगदी वढ्याला लागून, एक मोकळी जागा आहे. तिथे अंगणवाडी बांधायची ठरली होती. तोवर अंगणवाडी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची आणि पाऊस तिरपा आला की सुटायची. इमारतीचा नकाशा तयार होता, मंजुरीही जवळपास होती. फक्त एक आकडा मी द्यायचा होता: वढ्याचं पाणी आजवर जास्तीत जास्त किती वर आलं. त्यावरून जोतं किती उचलायचं ते ठरणार, आणि मुळात ती जागा चालेल की नाही तेही.

मोठ्या नदीवर पाण्याची उंची लिहून ठेवायला मोजपट्टी असते. वढ्याला कोण विचारतो? म्हणून स्थानिक चौकशी करायची. म्हणजे जुन्या माणसांना भेटायचं, पाणी कुठवर आलं ते भिंतीवर दाखवा म्हणायचं आणि त्या खुणेची उंची लेव्हलच्या दुर्बिणीतून मोजून घ्यायची. काम सोपं वाटतं. पण अंगणवाडीत येणारी पोरं तीन ते सहा वर्षांची. दुपारी खिचडी खाऊन सतरंजीवर आडवी होतात. त्यांच्याजवळ एक सेविका आणि एक मदतनीस. दोघींचे मिळून चार हात. वढा दुपारी भरला तर चार हातांत किती पोरं मावतील, हा हिशेब मी पहिल्याच दिवशी डोक्यात केला होता आणि मग तो डोक्यातून जाईना.

गावात मोठा पूर एकदाच आलेला. मी तेव्हा पाच वर्षांची होते. भादव्यातल्या महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. वरच्या शिवारातून बाभळीची झुडपं आणि कडब्याच्या पेंढ्या वाहत आल्या, पुलाच्या मोऱ्या बुजल्या आणि वढा मागे फिरून गल्लीत शिरला. एवढं सगळ्यांना पाठ होतं. खूण मात्र एकाही भिंतीवर नव्हती. कशी असणार? पुढच्या महिन्यात दसरा आला आणि घरोघर चुना मारला गेला. आमच्याकडे घरात मयत झालेलं असलं तरच भिंती तशा राहतात, पुराला ती सवलत नाही. नंतर चुन्यावर ऑइलपेंट आला, ऑइलपेंटवर फरशा आल्या. राहिली ती बायकांची आठवण.

आठवणीला माप मात्र चांगलं होतं. आमच्या गल्लीतल्या महालक्ष्म्या बैठ्या. चौरंगावर पाट, पाटावर तळाशी धान्य घातलेल्या दोन पितळी घागरी, त्यांच्यावर मुखवटे आणि साड्या. थोरली आणि धाकटी. आमच्या घरची थोरली रुंद चेहऱ्याची, शांत. धाकटीचं नाक मात्र सरळ आणि टोकदार. दोघी सख्ख्या बहिणी असून नाकं अशी वेगळी का, असं मी लहानपणी विचारायचे. आई म्हणायची, "धाकटी हाय, नखरेल असणारच."

तर मी श्रावणात काम सुरू केलं. मोजायची लांब पट्टी धरायला ऑफिसातले शिपाई मामा. मामांची निवृत्ती जवळ आलेली, त्यामुळे पट्टीसुद्धा ते निवृत्त झाल्यासारखी धरायचे. समोरच्या काकूंपासून सुरुवात केली. काकूंच्या घरचं किराणा दुकान, जोतं गल्लीत सगळ्यात उंच, आणि आवाज त्याहून उंच.

"काकू, तेव्हा पाणी किती आलं होतं?"

"महालक्ष्मीच्या पायाला लागलं बाई, आन् परत गेलं. दर्शनालाच आलं व्हतं म्हण की."

कृष्णाला डोक्यावर घेऊन यमुना ओलांडणाऱ्या वसुदेवाची गोष्ट आम्ही सगळ्यांनीच ऐकलेली. पाणी चढतं, देवाच्या पायाला लागतं आणि उतरतं. काकूंच्या चेहऱ्यावर तसाच अभिमान होता. मी चौरंगाची उंची मोजली. पाट धरून दीड फूट. पुढचं घर, तेच उत्तर. त्याच्या पुढचं, तेच. शेवटी मी आमच्याच घरी आईला विचारलं, नियमाप्रमाणे वही पेन घेऊन. तिने शेंगा फोडता फोडता मान वर न करता सांगितलं, "पायाला लागून परत गेलं." मी लिहिलं, दीड फूट.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी सगळ्या घरांतलं पाणी एका कागदावर काढलं आणि माझं डोकं फिरलं. पाणी कसं असतं? वढ्याच्या उतारासोबत जरासं उतरतं, नाहीतर सपाट. माझ्या कागदावरचं पाणी उंटाच्या पाठीसारखं वर-खाली होत होतं. काकूंची जमीन आमच्या जमिनीपेक्षा दोन फूट उंच आहे. मधली गल्ली रुंदीला एक बैलगाडी जाईल एवढी. दोन्ही घरांत पाणी दीड दीड फूट, म्हणजे काकूंच्या दारातलं पाणी आमच्या दारातल्या पाण्यापेक्षा दोन फूट वर उभं, आणि मधे त्याला अडवायला काही नाही. असं पाणी फक्त पुराणात असतं.

कागद घेऊन मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना प्रस्ताव पाठवायचा होता, आणि प्रस्ताव पाठवायच्या घाईत असलेल्या माणसाला पाणी सरळ आहे की वाकडं याचं काय पडलेलं असतं?

"सरासरी काढा ना मॅडम," ते म्हणाले.

"साहेब, सरासरी पाण्यात पोरं बुडत नाहीत. खऱ्या पाण्यात बुडतात."

माझं तोंड असं आहे. नोकरीत याच तोंडापायी दोन बदल्या झाल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं. महालक्ष्म्या उठल्या की दुसऱ्या दिवशी आकडा टेबलावर पाहिजे. त्यानंतर मी थांबणार नाही." महालक्ष्म्या उठायला नऊ दिवस होते.

मी पुन्हा घरोघर फिरले. या वेळी कोणी चहा विचारला नाही. काकूंनी दाराची एक फळी लोटून घेतली आणि उरलेल्या फटीतून म्हणाल्या, "एकदा सांगितलं की न्हाई? आमी काय देवीच्या नावानं खोटं बोलून राहिलो का?" त्याच गल्लीत मी लहानाची मोठी झाले होते, त्याच काकूंनी मला चोरून गूळ दिला होता, आणि आता मी त्यांना पोलिसासारखी वाटत होते. परत येताना मामा म्हणाले, "मॅडम, देवीच्या गोष्टीला लेव्हल लावू नाही." मला त्यांचाही राग आला. खरं सांगायचं तर मला माझाच जास्त राग आला होता, कारण काय विचारायचं राहिलंय तेच मला कळत नव्हतं.

ते कळलं फुलोऱ्यामुळे. महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी आई उंबऱ्यापासून चौरंगापर्यंत कुंकवाची पावलं काढत होती. मी स्टुलावर चढून फुलोरा बांधत होते. फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या वर टांगायची चौकट, तिला करंज्या, पापड्या, तळणीचे दागिने लटकवलेले असतात. ती छताच्या तुळईला बांधतात. देवीचा नैवेद्य असल्यामुळे महालक्ष्म्या उठेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मी मात्र लहानपणी एकदा लावला होता. फुलोऱ्यातल्या दोन करंज्या मी तोडून खाल्ल्या होत्या, शेजारी महालक्ष्मी बसलेली होती, आणि मला कोणी धपाटा घातला नव्हता. लहानपणची ही माझी सगळ्यात लाडकी आठवण. मी नवऱ्याला शंभर वेळा सांगितलेली.

स्टुलावर उभी राहून, हात पूर्ण वर करून गाठ मारताना माझ्या लक्षात आलं, की पाच वर्षांच्या पोरीचा हात इथवर पोचेल कसा?

मी खाली बघितलं. मग बाजूला बघितलं. फुलोऱ्याच्या उंचीवर घरात एकच जागा होती. भिंतीलगतचा लाकडी माळा, जिथे आम्ही गोधड्या आणि मोठी पातेली ठेवतो. मी माळ्यावर बसले होते. आणि देवी माझ्या शेजारी बसली होती.

"माय," मी स्टुलावरूनच विचारलं, "पूर आला तवा महालक्ष्मी कुठं व्हती?"

आईच्या मुठीतलं कुंकू तसंच राहिलं. अर्धं पाऊल काढून झालं होतं.

"पायाला लागलं ते खोटं न्हाई," ती हळूच म्हणाली. "पाय कुठं व्हते, ते तू इचारलंच न्हाईस."

मग तिने सांगितलं. पाणी चौरंगाला लागलं तेव्हा तिने पाट उचलून लोखंडी पेटीवर ठेवला. पेटीला लागलं तेव्हा भिंतीतल्या फडताळात. फडताळाला लागलं तेव्हा माळ्यावर. "पाणी येत गेलं, आमी उचलत गेलो. माळ्याच्या फळीला टेकलं आन् मंग उतरलं." सगळ्या गल्लीत हेच झालं असणार. दर वेळी पाणी पायालाच लागत होतं, आणि दर वेळी पाय वर जात होते. मी मात्र अकरा घरांत चौरंग मोजून आले होते.

मी टेप आणून माळा मोजला. जमिनीपासून साडेपाच फूट. दीड फुटाच्या हिशेबाने अंगणवाडीचं जोतं मी जिथे धरलं होतं, तिथे जमिनीवर झोपलेल्या पोरांच्या डोक्यावरून चार फूट पाणी गेलं असतं.  मी वहीतला दीड फूट खोडला.

पण एका घराच्या आकड्यावर जागा बदलत नाही, त्यातून घर माझं स्वतःचं. बाकीच्या घरांनी खरं सांगायला हवं होतं. मी आईला म्हणाले, "चल, काकूंना सांग. तू सांगितलंस तर त्या बोलतील."

"न्हाई."

"का?"

"न्हाई म्हणलं ना."

मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. देवीवर पाणी आलं म्हटलं तर घराला कमीपणा येतो, एवढंच असणार. आणि मी तोंड सोडलं. "तुमच्या देवीच्या अब्रूपायी पोरांना वढ्यात बसवू का मी? बुडाली तर सांगशील का त्यांच्या मायांना, पायाला लागून परत गेलं म्हणून?" आईने उरलेलं अर्धं पाऊल पुरं केलं, हात धुतले आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. मी तिची लेक आहे, हट्टाला कमी नाही.

दुसरा दिवस जेवणाचा. पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं तिने एकटीने केलं, मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. काकू माझ्याकडे न बघता आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी कोपऱ्यात पानसुपारीचं ताट घेऊन उभी होते. टेप माझ्या पिशवीत होता, पण विचारायची हिंमत होत नव्हती.

वडील गेल्यावरही गल्लीने आईचं हळदीकुंकू बंद केलं नव्हतं. तिने सगळ्यांना कुंकू लावलं. मग करंडा खाली ठेवला आणि चौरंगासमोर उभी राहिली. तिला भाषण करायची सवय नाही, त्यामुळे तिने सरळ काकूंकडे बघून सांगितलं.

"ही धाकटी आमच्या घरची न्हाई. पुराच्या पुढच्या साली मी नांदेडहून आणली. चुलीच्या धुरात धरून जुनी केली. आमची धाकटी त्या दिवशी वाहून गेली."

  मी त्या सरळ, टोकदार नाकाकडे बघत राहिले.

"फडताळातून माळ्यावर चढवायची येळ आली," आई म्हणाली. "हिचे बाबा किनवटच्या गाडीवर ड्युटीला. घरात मी एकटी. थोरलीला चढवली, तवर ही पेटीवर उभी व्हती. धाकटीला घ्यायला वळले, तवर फडताळात पाणी शिरलं आन् घागर तरंगली. धरायची म्हणलं तर धरता आली असती."

"मंग धरली कामून न्हाई?" काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात दरडावणी नव्हती.

आईने माझ्याकडे हात केला. "हात दोनच व्हते. एका हातानं दाराची चौकट धरलेली, दुसऱ्यानं हिला पेटीवरून उचललेलं. आधी हिला चढवलं. तवर धाकटी उंबऱ्याबाहेर गेली, माझ्या डोळ्यांदेखत. दोन दिवस वढ्याच्या गाळात हुडकली मी. न्हाई सापडली. कोणाला काय सांगू? घरची लक्ष्मी सोडली आन् पोरगी धरली म्हणून? सांगितलं, पायाला लागून परत गेलं."

मी ताट खाली ठेवलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आदल्या दिवशी मी या बाईला अब्रूवरून बोलले होते. करंज्या खात मी माळ्यावर बसले होते तेव्हा खाली काय चाललं होतं, हे तिने इतकी वर्षं मला कळू दिलं नव्हतं. माझी लाडकी आठवण तिच्यासाठी काय होती, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

काकू उठल्या. मला वाटलं जातात आता. पण त्यांनी करंडा उचलला आणि आईला कुंकू लावलं. मग पुन्हा खाली बसून म्हणाल्या, "आमच्या दोघींना मी दुकानातल्या धान्याच्या कोठीवर बसवलं व्हतं. चौरंगावर कुठलं आलंय. कोठीच्या झाकणाला लागलं पाणी. थोरलीच्या साडीचा काठ भिजला, नाकापर्यंत चिखल उडाला. मी पुसून घेतला आन् गप बसले. मला वाटलं, आपल्याच घरावर देवी कोपली."

"आमीबी माळ्यावरच चढवल्या," मागून एक जण म्हणाली.

"आमच्या सासूबाई मुखवटे पदरात बांधून गच्चीवर गेल्या. घागरी तशाच ऱ्हायल्या खाली."

"पाणी दिव्याच्या कोनाड्यात आलं व्हतं, मला ठावं हाय. कोनाडा हाय अजून."

प्रत्येकीला वाटत होतं की आपलं एकटीचंच चुकलं. अकरा घरांनी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवली होती. मी डोळे पुसले, पिशवीतून टेप काढला आणि म्हणाले, "काकू, ती कोठी अजून आहे का?"

"हाय की. चल, दाखवते."

हळदीकुंकू अर्ध्यावर सोडून आम्ही गल्लीत उतरलो. नटलेल्या बायका पुढे, मी मागे. कोठी, कोनाडा, माळे, गच्चीचा जिना. दिवेलागणीपर्यंत सात घरं झाली, उरलेली दुसऱ्या दिवशी सकाळी. मामा पट्टी घेऊन आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती सरळ धरली. काकूंच्या कोठीचं झाकण त्यांच्या जमिनीपासून साडेतीन फूट. आमचा माळा आमच्या जमिनीपासून साडेपाच. मधल्या दोन फुटांचा फरक तिथेच मिटला. कागदावर अकरा ठिपके टाकले तर पाणी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एका दोरीत आलं, जरासं उतरत, पाण्याने उतरावं तसं. मी तो कागद तसाच साहेबांकडे नेला.

साहेबांनीही बघितलं. "पण हे हळदीकुंकवात कळलेलं, मॅडम. कागदावर कसं आणणार?"

"साहेब, अकरा घरांनी ठरवून खोटं सांगितलं तर आकडा एक येईल, उतार येणार नाही. आणि तुम्हाला सह्या पाहिजेत ना? सह्या आणते."

म्हणायला सोपं होतं. हळदीकुंकवात बोलणं वेगळं आणि सरकारी कागदावर सही करणं वेगळं. मी छापील तक्ता घेऊन घरी आले. रकाने होते: पाणी कुठवर, खूण कशावर, झालेलं नुकसान, सही. आईने चष्मा लावला आणि सगळ्यांच्या आधी आपलं घर घ्यायला लावलं.

"नुकसान काय लिहू?" मी विचारलं.

"धाकटीचा मुखवटा, एक. पितळी घागर, एक." मग ती तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "गेलेलं इथं लिहितीस. वाचलेलं कुठं लिहायचं?"

"तसा रकाना नाही, माय."

"कसला कागद हाय मग ह्यो? बाजूला लिही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी समासात पेन्सिलने लिहिलं: वाचलेलं, मुलगी एक, वय पाच. मनात म्हटलं, नंतर खोडून टाकू. आईने सही केली, एकेक अक्षर दाबून. तिची सही बघून काकूंनी केली, आणि मग उरलेली नऊ घरंही झाली.

पेन्सिलचं ते खोडायचं राहून गेलं. आमचा टाइप करणारा कागदावर दिसेल ते टाइप करतो, डाग असला तर तोही करेल. अहवाल टाइप झाला, साहेबांनी सही केली, जिल्ह्याला गेला, आणि त्यावर वढ्याकाठची जागा रद्द झाली. अंगणवाडी आता टेकाडावर, पाण्याच्या टाकीच्या खाली उभी राहिली आहे. चढ थोडा आहे. पोरांच्या आया कुरकुर करतात, मीही त्यांच्यावर डाफरते. मोकळ्या जागेत एक खांब रोवून मी त्यावर लाल पट्टा मारून घेतला आहे, माझ्या डोक्याच्या वर जातो तो. दसऱ्याला त्याला कोणी चुना मारू नये एवढी ताकीद मामांना दिली आहे.

मंजुरीचा कागद आला तेव्हा मी अहवालाची प्रत घरी आणली. आईला अक्षरं बारीक दिसतात म्हणून मी वाचून दाखवली. आमचं घर आलं. पाणी, माळ्याच्या फळीला. नुकसान, मुखवटा एक, घागर एक. आणि त्याच्या शेजारी, सरकारी शिक्क्याच्या वरच, छापील अक्षरांत: वाचलेलं, मुलगी एक, वय पाच.

आई ऐकत होती. मग तिने कागद माझ्या हातातून घेतला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पाच न्हाई. साडेचार व्हतं. लिहायचं तर बरोबर लिहावं."